रामप्रसादच्या नावाचे प्रिंट

पाथरीत बसस्टँडमागं रामप्रसादचा फोटो स्टुडिओ होता. मोबाईल आल्यावर गिऱ्हाईक आटलं, तरी त्यानं रोलचा कॅमेरा सोडला नाही. येलदरी धरणावरचे मासेमार, ऊसतोडीला निघालेल्या बाया, असे त्याचे काळेपांढरे फोटो पुण्यातल्या एका कलादालनाचे मालक मागवून घ्यायचे. मग प्रिंट धुवायच्या औषधांनी त्याच्या हातांची सालं निघाली. डॉक्टरांनी पुन्हा त्यात हात बुडवायचा नाही म्हणून बजावलं, आणि तेव्हापासून डार्करूममध्ये त्याची बायको राजेश्री जाऊ लागली.

खोली म्हणजे मूळची न्हाणी. खिडकीला पत्रा ठोकलेला, फटींत काळं कापड कोंबलेलं. धूळ उडते म्हणून पंखा नाही. उन्हाळ्यात औषधांच्या आंबूस वासानं तिचं डोकं गरगरायचं. पण कोऱ्या कागदावर चेहरा उमटायला लागला की ती तहान विसरायची. यंत्रातून कागदावर पडणाऱ्या उजेडात हात कुठं आडवा धरला की अंधारलेला डोळा उजळतो, हे तिचं तिलाच कळत गेलं. रामप्रसाद दाराबाहेर स्टूल टाकून बसायचा, कसा आला, कसा आला, म्हणून सारखा विचारत राहायचा. वाळलेल्या प्रिंटमागं सही त्याची.

एकदा पुण्याहून फोन आला. प्रिंट फार सुधारलेत, इथं येऊन चार पोरांना शिकवाल का, असं मालकांनी विचारलं. रामप्रसादनं तब्येतीचं कारण सांगून टाळलं. राजेश्री ताटं वाढत होती.

"मी जाते की," ती म्हणाली. "प्रिंट मी करायलेय, सांगा त्यांना."

तो भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "फोटो तर माझेच हायत ना?"

"मी कुठं न्हाई म्हणाले?"

पुढं तो विषय निघाला नाही. मात्र आठवडाभरात त्यानं भुजंग गवंड्याला बोलावलं. मागची भिंत पाडून खोली दुप्पट केली, फरशी बसवली, नळ आणला, कूलर आणला. लेकानं बायकोसाठी काय काय केलं, हे सासू पार्वतीबाई गल्लीभर सांगत सुटली. राजेश्रीला धड रागावताही येईना.

भुजंगनं खिडकी कुठं ठेवू म्हणून विचारलं. नकोच, असं रामप्रसादनं सांगितलं आणि तो तिच्याकडं वळला.

"आता तुला पाण्यालाबी भाईर यायची गरज न्हाई."

तो मनापासून खूश होता. तेच तिला जड गेलं.

नवं दार बसलं तशी ती आत गेली, कडी लावून ओट्याला टेकून उभी राहिली. कागद काढला नाही, दिवाही लावला नाही.

"कसं वाटायलंय?" बाहेरून त्यानं विचारलं.

"गार हाय," ती म्हणाली.