तारा झाकला की घसरला?

मित्रांनो, दुर्बिणीतून चंद्र पाहिला की लोक दुर्बिणीचं कौतुक करतात. तिला खांद्यावर घेऊन उभा कोण, हे कोणी विचारत नाही. मी तो. मी एक जुना लोखंडी माउंट, म्हणजे दुर्बीण पेलणारा फिरता स्टँड आहे.

मला या घरच्या सासूबाईंनी घडवलं. त्या कारखान्यात लेथवर होत्या. सुट्टीसुट्टीला काम करत तीन वर्षं लागली. माझा एक दांडा आकाशाच्या ध्रुवाकडे नेमका रोखला, की पोटातली मोटर मला ताऱ्यांच्या चालीने फिरवते आणि तारा दुर्बिणीत जागचा हलत नाही. तेव्हा गल्लीभर माझं नाव होतं. मग सासूबाईंचे हात कापू लागले आणि नऊ वर्षं माझ्यावर पंचे वाळले.

त्या संध्याकाळी सुनेने पंचे उचलले. सात बावन्नला एक लघुग्रह एका मंद ताऱ्याला चार-पाच सेकंद झाकणार होता. सासूबाईंना हे जन्मात एकदा पाहायचं होतं. तीनदा ढगांनी दगा दिला होता. आमच्या गच्चीवरून पुन्हा असा योग एकवीस वर्षांनी. त्या अठ्ठ्याहत्तरच्या. बेरीज कोणी मोठ्याने केली नाही.

ध्रुवतारा समोरच्या नव्या इमारतीआड गेला होता. म्हणून ठळक ताऱ्यांचा आधार घ्यायचा. दक्षिणेचा एक तारा मध्यावर आणायचा आणि तो वर-खाली घसरतो का, ते बघायचं. घसरला तर माझं तोंड चुकलंय. ते पायाशी असलेल्या स्क्रूने सुधारायचं. मग पूर्वेच्या ताऱ्यावर तेच.

सून नर्स. रोग्याची उशी घसरली की न बोलता सरळ करायची, ही तिची सवय. तारा घसरला की ती माझी वरची मूठ फिरवून त्याला हळूच मध्यावर आणी. बसला, म्हणाली. हात न लावता किती वेळ बसला, असं सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं. तिचा हात अजून मुठीवरच होता.

"अगं, तू त्याला कडेवर घेऊन बसलीस. सात बावन्नला तो मंद तारा दिसेनासा झाला, तर झाकला की घसरला, हे कोणाला विचारू?"

सात सव्वीस झाले होते. सून पायाशी बसली, पण माझा स्क्रू गंजाने हलेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवणयंत्राचं तेल आलं, पान्हा आला. स्क्रू सुटला तो जास्तच फिरला. तारा उलटा पळू लागला. सुनेने स्क्रू पाव आटा मागे घेतला. मग पूर्वेचा तारा. हात पाठीशी बांधून ती बघत राहिली. तारा हलला नाही. सात सत्तेचाळीस.

मंद तारा मध्यावर घेतला. सासूबाईंनी डोळा लावला. बराच वेळ लावला. मग उठल्या.

"मला नाही दिसत गं तो. तू बस. मी घड्याळ धरते."

मोटर सोडली तर माझ्यात काही हलत नव्हतं.

"गेला," सून म्हणाली. सासूबाईंच्या घड्याळाचं बटण वाजलं. "आला."

चार पूर्णांक सहा सेकंद.

"हळूहळू विझला?"

"नाही आई, एकदम. आणि जागा केसभरही सोडली नाही."

सासूबाई खाली बसल्या आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

मित्रांनो, वस्तू मोडली की सगळे धावतात. ती नुसती उभी असते तेव्हाच तिच्या सांध्यांत दोन थेंब तेल घाला. त्या गंजाने आमची अकरा मिनिटं खाल्ली. आणखी पाच खाल्ली असती, तर मी या बाईला काय तोंड दाखवलं असतं?