भिंतीमागची माती

उद्धवराव पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले, त्याला दोन वर्षं झाली होती. पस्तीस वर्षं त्यांनी पाण्याचीच कामं केली. साठवण तलाव, कालवे, पाझर तलाव. चाकूरपासून देवणीपर्यंत एकेका बांधावर ते भर उन्हात उभे राहिलेले. लातुरात त्यांच्या गल्लीत कुणाला साधा जिना काढायचा झाला तरी आधी उद्धवरावांना विचारायची पद्धत होती. निवृत्तीनंतर विचारणारे कमी झाले, ते त्यांनी गिळलं. पण धाकट्या भावजयीनं परसात पोहायचा तलाव बांधायला काढला आणि त्यांना एका शब्दानं विचारलं नाही, हे काही त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

बातमी आणली ती त्यांच्या बायकोनं, सौदामिनीनं.

"उज्वलाच्या मागच्या अंगाला जेसीबी लागलाय. स्विमिंग पूल करून राहिलेत म्हणे."

"लातुरात?" उद्धवराव हसले. "आणि बांधतंय कोण?"

"तीच. स्वतः उभी राहून."

त्यांचं हसू तिथंच थांबलं.

उज्वलाचा नवरा दयानंद म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. बारावीला दोनदा आपटलेला. त्याला ठिबकच्या नळ्यांचं दुकान काढून दिलं ते उद्धवरावांनी, त्याच्यासाठी मुलगी बघायला इस्लापूरला गेले तेही उद्धवराव. दुकान चाललं. दयानंदनं गावाबाहेर नांदेड रस्त्याला अर्धा एकर घेतला, घर बांधलं. मागं जुनी विहीर आणि आंब्याची सात झाडं. उद्धवराव मात्र अजून सोसायटीनं बांधून दिलेल्या रो-हाऊसमध्येच राहत होते. सरकारसाठी एवढं बांधलं, पण स्वतःचं म्हणून त्यांनी एक गोठासुद्धा बांधला नव्हता.

उज्वला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेरी पैनगंगेत पोहत मोठी झालेली. लग्न होऊन लातूरला आली आणि बावीस वर्षांत तिचा पाण्याशी संबंध उरला तो बादलीपुरता. हैदराबादचा एक कंत्राटदार येऊन मापं घेऊन गेला, त्याचा आकडा ऐकून दयानंदनं विषय सोडून दिला. उज्वलानं सोडला नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी तिनं वही घेतली, टेप घेतला आणि मिस्त्री गाठला.

तिसऱ्या दिवशी उद्धवराव फिरायला म्हणून तिकडं गेले. फिरायला ते एरवी बरोबर उलट्या दिशेला जात.

खड्डा निघाला होता. वर चार फूट काळी माती, खाली पिवळा मुरूम. कडेला डोक्याला ओढणी गुंडाळून उज्वला उभी, आणि खाली टेपचं दुसरं टोक धरून शेषेराव मिस्त्री. हा शेषेराव वीस वर्षं उद्धवरावांच्या साइटवर होता. ते आले की हातातली विडी विझवायचा.

"या साहेब," तो खालून म्हणाला. "म्याडम तीनदा माप घेऊन राहिल्या. आपल्याला तर लई कडक भेटल्या."

आणि पुन्हा टेपकडं वळला. साहेबांकडं त्यानं दुसऱ्यांदा बघितलं नाही.

"भाऊजी, आंब्याखाली खुर्ची आहे, बसा," उज्वला म्हणाली. "चहा आणते."

"राहू दे, काम बघ तुझं."

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. चूक शोधायला जातोय, असं त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नाही, पण डोळे तेवढंच शोधत होते. तळाचा उतार बघितला, बरोबर निघाला. सळईतलं अंतर वितीनं मोजलं, बरोबर निघालं. सळई मातीला टेकू नये म्हणून खाली सिमेंटचे ठोकळे लावायला मिस्त्री नेहमी विसरतात. इथं ओळीनं लावलेले होते. ही बाई मोबाइलवर बघून, चार जणांना विचारून शिकली. त्या चार जणांत आपण नाही.

चहाच्या टपरीवर ते बोलून गेले, "गावात आठ-आठ दिवस नळ येत नाही, आणि लोकांना तरंगायची हौस."

ते बोलणं दोन दिवसांत दयानंदपर्यंत पोचलं. तो रागावला नाही. उलट समजावून सांगायला घरी आला, त्याचाच उद्धवरावांना जास्त राग आला.

"दादा, पाणी आपल्या विहिरीचं. एकदा भरलं की गाळून गाळून तेच फिरतंय. बदलायची पाळी आली तर आंब्याला सोडायचं. उज्वलानं सगळं बघून ठेवलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू, मला वाटलं नव्हतं तिला जमंल. तू बघितलास का त्या भिंतीचा ओळंबा? सुतात हाय."

बारावी नापास दयानंद त्यांना ओळंबा शिकवत होता.

भिंती उभ्या राहिल्या, एकवीस दिवस पोती भिजवून झाली. पाणी भरून गळती तपासली, कुठं थेंब नाही. आता भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी राहिलेली दोन-दोन फुटांची मोकळी जागा भरायची होती. खड्ड्यातून निघालेल्या काळ्या मातीचे ढीग शेजारीच पडलेले. त्या दिवशी उद्धवराव आले तशी उज्वला स्वतः आंब्याखाली आली.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. शेषेराव म्हणतात भराव ह्याच मातीचा करू. चालेल ना? इतके दिवस तुम्हाला उन्हात दगदग नको म्हणून बोलले नाही. पण हे मला उमजत नाही."

उद्धवरावांना ते झोपेतही सांगता आलं असतं. काळी माती पाणी पिते, फुगते आणि भिंतीला रेटते. चाकूरजवळच्या कालव्यावर त्यांनी एका कंत्राटदाराला असला भराव उकरून काढायला लावला होता. मुरूम आणल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले होते.

शेषेराव लांबून त्यांच्याकडं बघत होता. उज्वलाचं पेन वहीवर टेकलेलं होतं.

"चालतंय की," ते म्हणाले.

"नक्की?"

"शेषेराव जुना माणूस आहे."

"तुम्ही म्हणालात म्हणजे झालं." तिनं वही मिटली. दुपारपर्यंत दोन बाजू भरूनही झाल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर उद्धवरावांना बरं वाटलं. हे खरंच आहे, लपवण्यात अर्थ नाही. ते दोन भाकरी जास्त जेवले. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला तडा जाईल, दयानंद धावत येईल, आपण जाऊ, चष्मा पुसून तडा बघू आणि म्हणू, असल्या कामाला माणूस लागतो. त्यांनी त्या वाक्याचे दोन-तीन प्रकारही मनात करून बघितले. आठवडाभर ते त्या समाधानात होते.

रविवारी उज्वलाचा भाऊ सुदर्शन नांदेडहून तलाव बघायला आला. दयानंदनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवणाआधी सुदर्शन तलावाला चक्कर मारून आला आणि पानावर बसता बसता म्हणाला, "ताई, भिंतीमागं काळी माती का टाकली गं? आमच्याकडं विहिरीच्या कड्यामागं कुणी टाकत नाही. मुरूम टाकतात."

उज्वला वाढत होती. ती थांबली नाही. "भाऊजींना विचारूनच टाकलीय. त्यांनी पस्तीस वर्षं पाण्याची कामं केलीत. तुझ्या विहिरीचं शहाणपण राहू दे."

"दादा म्हणाला असंल तर मग प्रश्नच न्हाई," दयानंद म्हणाला.

सुदर्शन ओशाळला. "माझं चुकलं साहेब. मला माहीत नव्हतं तुम्ही बघितलंय म्हणून."

सगळे त्यांच्याकडं आदरानं बघत होते. दीड महिना ज्याच्यासाठी जीव जळत होता ते ताटात येऊन पडलं होतं, आणि उद्धवरावांनी हातातला घास खाली ठेवला. ते पाणी प्यायले. उज्वलानं न विचारता त्यांना अजून एक पोळी वाढली.

परतताना सौदामिनीनं विचारलं, "तब्येत बरी नाही का?" कोरड्या वर्षात कदाचित काही होणार नाही, असं त्यांनी मनाला सांगून बघितलं. पण मनाला पस्तीस वर्षांचा अनुभव होता, ते ऐकेना.

सोमवारी सकाळी सातलाच ते गेले. मधले दिवस दुसऱ्या कामावर गेलेला शेषेराव तिसरी बाजू भरायला घेत होता.

"थांब," उद्धवराव म्हणाले. "उज्वला, ही माती काढावी लागेल. भरलेली सगळी."

"का?"

"काळी माती पावसात फुगते. ह्या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी भिंत तडकेल."

तिनं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. "मग त्या दिवशी..."

"त्या दिवशीही मला माहीत होतं."

शेषेरावाचं फावडं थांबलं. उज्वलानं एवढंच विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

येताना रस्त्यात उद्धवरावांनी उत्तर तयार केलं होतं. वय झालं, ध्यानात आलं नाही, असं काहीतरी. ते बाहेर आलं नाही.

"तू मला आधी विचारलं नाहीस म्हणून."

साठ वर्षांच्या माणसाच्या तोंडून ते कसं ऐकू आलं, ते त्यांनाच कळलं.

"माझ्या वर्गात पोरं असं करतात, भाऊजी," ती शांतपणे म्हणाली. "चौथीतली." मग वही उघडली. "काढायला किती दिवस लागतील?"

"चार. भिंतीजवळ जेसीबी आणता येणार नाही, हातानंच काढावी लागेल. मुरमाचं मी बघतो, खदानवाला माझ्या ओळखीचा..."

"तुम्ही नाव सांगा. आणते मी."

चार दिवस ते तिथंच होते. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी जा म्हटलं नाही. मजुरांबरोबर त्यांनाही चहा येई, पण पहिल्यासारखा बशीत बिस्किटं ठेवून नव्हे. सहा-सहा इंचांचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचा, मग पुढचा. ते सांगत गेले, शेषेराव "हाव साहेब" म्हणत करत गेला. त्या "हाव साहेब"नं त्यांना अजूनही बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटत होती.

दयानंद दोन दिवस बाहेर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी येऊन शेजारी बसला.

"दादा, तुला काय कमी होतं रे?"

दयानंदनं उत्तराची वाट बघितली नाही, उठून दुकानाला गेला.

आषाढात तलाव भरला. घरचीच माणसं होती. उज्वला पंजाबी ड्रेसवरच पाण्यात उतरली, एकदा बुडी मारून वर आली आणि हात मारू लागली. एवढ्या वर्षांनी पोहतेय असं कुठं दिसलंच नाही. बारा फेऱ्या मारल्या तिनं. उद्धवराव काठावर उभे राहून फेऱ्या मोजत होते. आपण बांधलेल्या एकाही तलावात आपण कधी उतरलो नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. त्यांना पोहता येत नव्हतं.

महिन्याभरानं उज्वलाचा फोन आला. पंप ठेवायला छोटी खोली बांधायची होती. उद्धवराव गेले, जागा बघितली, सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

"बरं," ती म्हणाली, "नांदेडला सुदर्शनच्या ओळखीचे एक इंजिनिअर आहेत. त्यांना पण दाखवून घेते."

एका क्षणापुरतं त्यांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"घे दाखवून," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी कागद काढला आणि मापांसकट पूर्ण नकाशा करून दिला. खोली बांधून झाली तेव्हा बघायला गेले. नांदेडच्या माणसानं एकच बदल केला होता. उद्धवरावांनी पश्चिमेला दाखवलेली खिडकी त्यानं पूर्वेला घेतली होती. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, झड थेट मोटारीवर आली असती. पोरगा म्हणे सत्तावीस वर्षांचा होता.

उज्वला त्यांच्याकडं बघत उभी होती. उद्धवरावांनी खिडकीचा गज धरून हलवून बघितला, पक्का होता.

"त्याचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं चुकलं होतं."