चिमट्याचं वजन

चिमटेबाबा ज्याला मारतील त्याचं भलं होतं, असं आमच्या गावाच्या डोक्यात एकदा शिरलं ते शिरलंच. पाठीवर वळ उठले की लोक सदरा वर करून मिरवायचे. तेलीणबाईचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तरी ती "कृपा झाली हो" म्हणत हात गळ्यात बांधून घरोघर हिंडली. आणि या सगळ्या येड्यांत आघाडीवर कोण, तर आमचे हे.

हे लोहार. बाबांचा चिमटा घडवायचा मान लहानपणापासून यांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा भट्टीत तोच तापत होता, आणि लेक जन्मली त्या दिवशी हे बाबांच्या मठात होते. पण यांना बाबांनी कधी साधी टिचकीसुद्धा मारली नाही. "माझंच पुण्य कमी पडतं," म्हणून हे माझ्यासमोर रडायचे. मला कीव यायची आणि संतापही यायचा.

बाबा म्हातारे झाले. हात थरथरू लागला, फटका बसेना, भक्त कुरकुरू लागले. तेव्हा यांनी काय अक्कल पाजळली? चिमटा जाड केला. "हातात जोर नाही, तर तो लोखंडात घालायचा. बाबांनी नुसता उचलून सोडला तरी काम होईल." मी तो उचलून पाहिला, तर माझं मनगट लचकलं.

लेक पोटुशी होती. आधी दोनदा गर्भ गेलेला, म्हणून सासरच्यांनी बाबांकडे धाडली. मी आडवी आले, तर "तुला काय कळतं" म्हणून हेच तिला घेऊन निघाले. मी मागोमाग गेले.

लेक बाबांपुढे वाकली. "पाठीवर, बाबा," हे हात जोडून म्हणाले. बाबांनी दोन्ही हातांनी चिमटा डोक्यावर नेला. तेवढ्यात लेक घाबरली, ताठ झाली आणि वळली. पोट समोर आलं. बाबा थांबले नाहीत.

त्या लोखंडाचं वजन यांच्याएवढं कुणाला ठाऊक? यांनी झेप घेतली, बाबांचं मनगट धरलं आणि असं पिरगाळलं की कट्कन आवाज झाला. चिमटा पडला, फरशी तडकली. बाबा किंचाळले.

मग सगळे यांच्यावर तुटून पडले. ज्यांच्या कुऱ्हाडी-कोयत्यांना यांनी धार लावली, तेच शेजारी. तेलीणबाईनं केस धरले, तिच्या नवऱ्यानं तोंडावर लाथ घातली. "बाबांना हात लावतोस? हाच ना तो हात?" म्हणत त्यांनी उजवा पंजा फरशीवर दाबून धरला आणि त्याच चिमट्यानं ठेचला. बोटांचा लगदा झाला. मी कुणाच्या दंडाला चावले, कुणाचं तोंड ओरबाडलं, मलाही लाथा बसल्या. हे मात्र लेकीकडे बघून "पळ, पळ" एवढंच ओरडत होते.

हे घरी शुद्धीवर आले तेव्हा लेक उशाशी होती. "बाळ हलतंय," ती यांना म्हणाली. यांनी डोळे मिटून मान हलवली. मग माझ्याकडे वळून फुटक्या ओठांनी विचारलं, "बाबांना फार लागलं का गं?"

माझं डोकं सणकलं. खोटं बोलता आलं असतं, पण नाही बोलले. "मनगट मोडलं," मी म्हणाले. "तुम्हीच मोडलंत."

हे हमसून हमसून रडायला लागले. स्वतःच्या हातासाठी नव्हे, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. लेकीनं त्यांचे डोळे पुसले. मला ते जमलं नाही.