हजेरी लागेपर्यंत

कमलाचा हात पाहून माह्या पोटात दुखलं. दया यावी तं पोटात दुखलं, आता खोटं काऊन बोलू? तिची उजव्या हाताची दोन बोटं गेली, माहीही दोनच. पण तिची खुंटं कशी गोल, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात शिवलेली. माही वाकडीतिकडी, हळदीवर अन् देवाच्या भरोशावर भरलेली. तिची पट्टी रोज नर्सबाई बदले. खाटेवर दूध भेटे, पाव भेटे. मले सासूच्या शिव्या भेटल्या, त्याही उपाशीपोटी.

आम्ही सेलूकडच्या एका कापसाच्या जिनात कामाले होतो. तिथं रेच्यावर बाया लागत. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढते ते यंत्र. बाई समोर उभी राहून हातानं कापूस लावत जाते. नजर हटली का रूळ बोट धरते. अन् त्या जिनाची एक रीत होती. हजेरी सकाळी नाई, संध्याकाळी लागे. भोंगा झाला का लहानू मुकादम फाटकापाशी वही घेऊन बसे, एकेकीचं नाव पुकारे. ज्या बाईनं 'हजर' म्हटलं तिचाच दिवस भरला. म्हणे, सकाळी लावली तं बाया दुपारी पळतात.

माही बोटं गेली चौऱ्याहत्तर साली, भर दुपारी बाराले. लहानूनं मले लगेच बैलबंडीत घातलं. "घरी जाय माय, आराम कर," म्हणे. किती मायाळू मानूस वाटला मले तो. तीन हप्त्यांनी मी भरपाई मागाले गेली, तं मनेजरनं वही उघडून दाखवली. त्या दिवशी माह्या नावापुढं गैरहजर. "तू आलीच नव्हती, बाई. घरी विळ्यावर कापलं असेल." वहीपुढं बाईचं काय चालते? तेव्हापासून रेचा सुटला अन् डोक्यावर सरकीची टोपली आली.

एक्क्याऐंशीच्या मोसमात एक दिवस तीन वाजता रेच्यावर कमला ओरडली. मी टोपली टाकून धावली. तिचं मनगट आवळलं, लुगड्याचा काठ फाडून बांधला अन् हात वर धरून तिले सरकीच्या ढिगाले टेकवून बसवलं. तेवढ्यात लहानू बंडी घेऊन हजर. "ने तिले दवाखान्यात." बायाही म्हणे, ने. मी म्हटलं, हजेरी लागल्याबिगर हे पोरगी उठत नाई.

"मरन ते," लहानू म्हणे.

"मरन तं जिनात मरन. वहीत नाव तं राहीन."

अडीच तास मी तिचा हात धरून बसली. "मावशी, जाऊ दे ना," असं चारदा म्हटलं तिनं. मी सोडलं नाई. भोंगा झाला, तसं तिले धरून फाटकापाशी नेलं. लहानूनं तिचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं, तेही तोंडातल्या तोंडात. कमला म्हणाली, "हजर." पन्नास बाया पाहून राह्यल्या होत्या. लिवावं लागलं त्याले.

वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर एक बोट वाचलं असतं. हे तिच्या भावानं ऐकलं. बाबाराव त्याचं नाव, कचेरीत कारकून, शिकलेला. त्यानं माह्याशी बोलणं टाकलं. पण भरपाईचा अर्ज त्यानंच लिवला, कायद्याची कलमं घालून. माह्यासाठी अर्ज लिवणारं कोण होतं? माहा भाऊ बैलाचे दात मोजते, तेवढंच त्याचं गणित. मी आणखीच जळली.

जिनाचं उत्तर आलं. बोटं तुटलेली बाई अडीच तास बसून राहील का? हजेरी देऊन ती घरी गेली अन् तिथं कडबा कापताना हात कापून घेतला. लहानूनंही तेच सांगतलं. बाकी बायांची तोंडं शिवली. राह्यली मी. मनेजरनं मले बोलावून खुर्चीवर बसवलं, जिंदगीत पहिल्यांदा.

"अन्नपूर्णाबाई, 'मी काही पाहिलं नाही', एवढंच कोर्टात सांगा. उद्यापासून तुम्हाला कापूस निवडायचं काम. सावलीत, बसून."

सात-आठ वर्षं टोपली वाहून माही मान वळत नोती. अन् वरून मनात आलं, हिलेच काऊन मिळावं? माही बोटं काय गवारीच्या शेंगा होत्या? तारखेच्या दिवशी मी हेच ठरवून वर्ध्याच्या बसमध्ये चढली. म्हणीन, पाह्यलं नाई.

कोर्टात जिनाचा वकील हसत हसत उभा राह्यला. "साहेब, ज्याला खरंच लागलं तो आधी घराकडं पळतो. इथं बसून कोण राहतं? तुम्हीच सांगा, बाई."

मी कमलाकडं पाह्यलं नाई. वकिलाच्या त्या हसण्याकडं पाह्यलं अन् माही तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी पळाली होती घराकडं," मी म्हटलं. "हा पाहा पळालेलीचा हात. याच जिनात गेली बोटं. संध्याकाळी वहीत मी गैरहजर. म्हणून हिले मी बसवून ठेवलं. ते जातो म्हणे, मी जाऊ नाई देलं."

साहेबांनी माहा हात पाह्यला. "केव्हाचं हे?"

"चौऱ्याहत्तरचं."

"दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो, बाई. आणि तुमचा तर कुठं कागदही नाही."

"माहीत हाय साहेब. वरातीमागून घोडं."

साहेबांनी कारकुनाले सगळं लिहून घ्याले सांगतलं. मी खाली अंगठा देला.

दुसऱ्या दिवशी मी जिनात गेली. दिवसभर टोपल्या वाहल्या. संध्याकाळी लहानूनं सगळी नावं पुकारली, माहं घेतलंच नाई. मी घरी आली.

तीन महिन्यांनी कमला अन् बाबाराव माह्या घरी आले. भरपाई मंजूर झालती, दवाखान्याचा खर्चही. बाबारावनं पायाले हात लावला. कमलानं माह्यासाठी लुगडं आणलं, हिरवं, चांगलं होतं. मी घेतलं. पण देताना तिचा तो हात पुढं आला, गोल खुंटांचा, अन् पुन्हा पोटात दुखलंच.

"मावशी, निकालात तुह्यंही नाव हाय," बाबाराव म्हणाला.

"वाच."

त्यानं कागद उघडून वाचलं. साक्षीदार अन्नपूर्णाबाई हिची उजव्या हाताची दोन बोटे सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये याच जिनात, कामावर हजर असताना तुटली, असे तिने शपथेवर सांगितले. तिच्या सांगण्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही.

"पुन्हा वाच," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा वाचलं. कामावर हजर असताना, तिथं मी त्याले थांबवलं अन् तेवढं तिसऱ्यांदा वाचाले लावलं. मंग त्यानं कागदाची घडी घातली अन् कमलापाशी देली. तिचाच होता कागद.