वरच्या फळीवरची हुडहुडी

शनिवारी चारला मारितनं नेहमीसारखा सॉना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची लाकडी खोली, पेटवला. हृदयाची झडप बदलल्यापासून तिचे वडील, तायस्तो, आत एकटे जात नसत. चुलीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकायला लेक लागे.

ते वरच्या फळीवर बसले आणि कुडकुडायला लागले.

"लाकडं ओली आणलीस काय गं?"

"ऐंशीवर काटा आहे, बाबा."

"मग काटा खोटारडा. टाक अजून एक ओगराळं."

तिनं टाकलं. दगड फुसफुसले. वाफेनं तिचे कान भाजत होते आणि बापाचे दात वाजत होते. दोन आठवडे असंच चाललं होतं, ताप यायचा, उतरायचा. गुरुवारी पावासाठी त्यांच्या पाकिटातून पैसे काढताना तिला रुग्णालयाचं पिवळं कार्ड दिसलं होतं. ताप आल्यास त्याच दिवशी या, झडपेला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तिनं ते दोनदा वाचलं होतं.

"बाबा, आत्ताच रुग्णालयात जाऊ या का?"

"बोलव की अँब्युलन्स! नाताळात बोलावलीस तशी. निघालं काय? अपचन. दुकानातली पोरगी अजून विचारते, तायस्तो, पोट कसं आहे?"

ती हसली. "बरं, सोमवारी."

"सोमवारी. आता पाणी."

अजून तीन ओगराळी. नंतर ओसरीवर त्यांनी भाजलेला सॉसेज अर्धाच खाल्ला आणि मोहरी मिळमिळीत आहे म्हणून तक्रार केली.

रविवारी सकाळी त्यांना कपाला काय म्हणतात ते आठवेना. मग उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, झडपेवरच्या जंतूंच्या थराचा तुकडा सुटून मेंदूत अडकलाय. "ताप कधीपासून होता?"

"दोन दिवस," मारित म्हणाली.

बुधवारी ते गेले.

दफनानंतर चर्चच्या सभागृहात कॉफी होती, वेलचीचा पाव होता. लेम्पी आत्यानं तिचा हात धरला. पलीकडचे शेजारीही ऐकत होते.

"जाताना शनिवारचा सॉना तरी लाभला माझ्या भावाला. तुझ्या हातचा. बाकी दोन दिवसांच्या तापात कुणाला काय कळणार होतं, पोरी?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मारितनं कप बशीत ठेवला.

"दोन दिवस नाही, आत्या. दोन आठवडे. काय करायचं ते कार्डावर लिहिलं होतं, आणि ते मी वाचलं होतं. बाबा चिडवतील म्हणून मी गप्प बसले. ते थंडीनं कापत होते आणि मी पाणी टाकत राहिले."