रागावलेलं इंजिन

गॅरेजच्या दारात अर्धी गल्ली लोटली होती. चावी फिरली की कार्ब्युरेटरमधून धाडकन ज्वाळ उठायची आणि गर्दी किंचाळून मागे सरायची.

"आत्मा आहे तो, आत्मा!" महाराज गरजले. महाराज कसले, परवापरवापर्यंत जुने टायर विकत होते!

शर्यतीची ही गाडी माझ्या भावजींची. ते गेल्यावर भाचीनं इंजिन सुटं करून नव्यानं बांधलं. उद्याच्या शर्यतीत ती स्वतःच ही गाडी चालवणार होती. पण इंजिन सुरू व्हायच्याऐवजी आग ओकत होतं. घाबरून ताईनं, माझ्या सख्ख्या बहिणीनं, ह्या महाराजांना बोलावलं. माझं डोकंच फिरलं.

महाराजांनी गाडीवर हात ठेवला. "मुलीनं गाडी चालवलेली पसंत नाही ना? उत्तर द्या!"

चावी फिरली. धाड!

ताईला रडू फुटलं. "नको गं चालवूस. त्यांना नाही आवडत."

"आई, बाबांनीच शिकवलं ना मला?" भाची म्हणाली.

मला राहवेना. "भावजी, हे महाराज लबाड आहेत का?" म्हणत मी चावी फिरवली. धाड!

गर्दी खो खो हसली. महाराज खवळले. "थट्टा करतोस? वंश बुडेल!"

"मी बिनलग्नाचा. काय बुडायचं ते बुडू दे."

भाची मात्र विचारात पडली होती. तिनं पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला. "मामा, पान्यानं इंजिन फिरव. हळू." इंजिनच्या पुलीवरची, ठिणगीची वेळ दाखवणारी खूण शून्यावर आली. अंगठा जागचा हलला नाही. आणखी एक फेरी. खूण पुन्हा शून्यावर, आणि ह्या वेळी दाबलेल्या हवेनं अंगठा उडवला.

तिनं कपाळावर हात मारला. "ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर मीच उलटा बसवलाय! खूण दोनदा येते, हवा एकदाच दाबली जाते. मी नुसती खूण बघितली. ठिणगी भलत्या वेळी पडते, म्हणून ही आग."

तिनं डिस्ट्रिब्युटर उचलला, अर्धी फेरी फिरवून बसवला, प्लग लावला. चावी फिरवताच इंजिन झक्क सुरू झालं.

"पाहिलंत? आत्मा शांत झाला!" महाराज म्हणाले.

"परत उलटा बसवते. करा शांत," भाची म्हणाली. महाराजांना अचानक दुसरीकडचं काम आठवलं.

ताईनं डोळे पुसले. "उद्या मी येते बघायला," ती लेकीला म्हणाली.

चूक कुणाच्याही हातून होते; शोधली की सापडते. पण गेलेल्या माणसाच्या तोंडी कुणी आपलं बोलणं घालू लागला, तर मंडळी, रडण्याआधी एवढंच विचारा: हे खरं कशावरून?