लोकरीखालची ओल

मी एक जुना केसाळ निवडुंग आहे, मित्रांनो. सरळसोट खांबासारखं अंग आणि त्यावर पांढरीशुभ्र लोकर. लोक मला आजोबा म्हणतात, पण त्या मानाची मला लाज वाटते. माझ्यापायी एका मुलीने न केलेली चूक आपल्या माथी घेतली आणि मी जागचा हललोही नाही.

माझा जन्म एका रोपवाटिकेतला, खसखशीएवढ्या बीतून. वाढायची घाई मला कधीच नव्हती. बोटाएवढा झालो तेव्हा केस कापण्याचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी मला घरी नेण्याऐवजी थेट दुकानात नेलं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी मला भरड वाळूत लावून काचेमागच्या उन्हात ठेवलं. वाळू तळापर्यंत सुकली तरच पाणी, आणि थंडीत थेंबही नाही, हा त्यांचा शिरस्ता. मी खुर्चीच्या पाठीएवढा उंच झालो, तेव्हा गिऱ्हाइकं विचारू लागली, की यांचा नंबर कधी? मास्तर सांगत, हे नुसते पेपर वाचायला येतात. मी आपला कौतुकाने फुगायचो.

पुढे मास्तर थकले. कात्री त्यांच्या मुलीने हातात घेतली आणि ते माझ्या शेजारी बसून राहू लागले. त्या हिवाळ्यात त्यांना विसर पडू लागला. सकाळी मगभर पाणी घालायचे आणि एक गिऱ्हाईक उठेपर्यंत पुन्हा मग घेऊन हजर. बिचारा तहानलाय, म्हणायचे. मुलगी तेव्हा कुणाच्या तरी मानेवर वाकलेली असायची. माझी मुळं कुजली, मग बुंधा मऊ पडला. लोकरीमुळे कुणाला काही दिसेना. आत सडत होतो आणि बाहेर मिरवत होतो, मित्रांनो. येणारेजाणारे तेव्हाही माझी तारीफ करत होते.

एका सकाळी मी कलंडलो. बुंध्यातून तपकिरी पाणी गळू लागलं. दुकान भरलेलं होतं. मास्तर भडकले.

“इतकी वर्षं जपलं मी याला. पाणी किती घालायचं, एवढंही कळत नाही तुला?”

त्यांच्या हातात तेव्हाही मग होता, अर्धा भरलेला. मुलीने मगाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आणि मान खाली घालून म्हणाली, “हो बाबा, माझंच चुकलं.”

गिऱ्हाइकांनी पेपरात तोंडं खुपसली. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण निवडुंगाला कुठलं तोंड?

तिने वस्तरा स्पिरिटने पुसला आणि तपकिरी डाग संपेपर्यंत मला चकत्या-चकत्यांनी कापत गेली. मी निम्मा उरलो. जखम सुकून कडक होईपर्यंत तिने मला फळीवर आडवं ठेवलं आणि मग काठीचा आधार देऊन कोरड्या वाळूत उभं केलं. मास्तरांचा मग काही थांबला नाही. त्यांना अडवणं तिच्या जिवावर यायचं. दुपारी त्यांचा डोळा लागला, की ती चमच्याने ओली वाळू काढून कोरडी भरायची.

एकदा त्यांना मध्येच जाग आली. समोरच्या आरशात त्यांना वाळू उपसणारी मुलगी दिसली आणि आपल्याच मांडीवरचा रिकामा मगही दिसला. त्यांनी मगाच्या ओल्या तळावरून बोट फिरवलं.

“त्या दिवशी चारचौघांत मी तुला बोललो ना गं?”

तिचा चमचा थांबला नाही. “कधी? मला नाही बाई आठवत.”

मास्तरांनी मग तिच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यात दुकान भरलेलं असताना ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, “निवडुंगाला पाणी मी घातलं होतं. मी विसरतो हल्ली. पोरीने वाचवला त्याला.”

मला आता नवी मुळं फुटली आहेत, पण ती शरम काही जात नाही. म्हणून विनवतो, मित्रांनो. घरात काही कोमेजलं, तर आधी माती बोटाने चाचपा, कुणावर आवाज चढवणं राहू द्या. आणि कुणी म्हातारं माणूस विसरू लागलं, तर त्याच्या हातचं काम नुसतं काढून घेऊ नका. मुलीने मास्तरांना मानेवरचे केस झटकायचा मऊ ब्रश दिला आहे. ते माझी लोकर विंचरतात, विसरतात आणि पुन्हा विंचरायला घेतात. कितीही वेळा विंचरली तरी मला काही होत नाही.